आडवी बाटली, मोझेलची

जर्मन म्हटलं की आमच्या सांगली-साताऱ्याकडं आधी पातेलं डोळ्यांसमोर येतं. ॲल्युमिनियमच्या भांड्याला इकडं ‘जर्मन’ म्हणायची जुनी रीत. ‘जर्मनच्या डब्यात लोणचं घालू नका, लोणचं डबा खातंय’ हे ऐकत आमच्या दोन पिढ्या वाढल्या. त्या नावाचा एक देश आहे, तिथं माणसं राहतात आणि ती काही खातात-पितात, हा विचार फार उशिरा शिरला. २०२४च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारनं तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, गावोगावच्या नर्स आणि इलेक्ट्रिशियन मंडळींनी जर्मन क्रियापदं घोकायला घेतली, तेव्हा कुठं आमची खात्री पटली.

आमचा भाचा मात्र करारबिरार व्हायच्या आधीच गेलेला. सांगलीच्या वालचंद कॉलेजातून इंजिनिअर झाला आणि स्टुटगार्टला मोटारींच्या कामात चिकटला. त्या स्टुटगार्टात म्हणे मुख्य रेल्वे स्टेशनच्या डोक्यावरच्या चढावर द्राक्षबाग आहे. ऐन शहरात, स्टेशनाला लागून, एवढी मोकळी जागा! सांगलीत असती तर तिथं ‘द्राक्षवेल रेसिडेन्सी’ नावाचं पार्किंग नसलेलं अपार्टमेंट कधीच उभं राहिलं असतं.

हा भाचा जाताना बॅगेतून भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि साताऱ्याचे कंदी पेढे नेतो. येताना आजवर चॉकलेटं आणायचा. यंदा त्यानं दोन बाटल्या आणल्या. परदेशातून येणाऱ्याला दोन लिटरपर्यंत मद्य बिनशुल्क आणता येतं. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर. उरलेला अर्धा लिटर त्यानं भारत सरकारला सोडून दिला, ही गोष्ट त्याच्या वडिलांच्या, म्हणजे आमच्या दाजींच्या, मनाला अजून लागून राहिली आहे.

दाजी साताऱ्याचे. सांगली जिल्ह्याचं नाव १९६०पर्यंत ‘दक्षिण सातारा’ होतं, ही गोष्ट ते आमच्याकडं जेवायला बसले की भाताच्या आधी एकदा आणि भातानंतर एकदा सांगतात. सासुरवाडी म्हणजे आपल्याच जिल्ह्याचा तुटलेला तुकडा, असा त्यांचा एकूण भाव. त्यांना मुलाकडून व्हिस्कीची अपेक्षा होती. पिशवीतून उंच, सडपातळ, हिरव्या काचेची बाटली निघाली आणि तिच्यात पाण्यापेक्षा जरा पिवळं असं काही दिसलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, “सरबत आणलंय व्हय?”

“पप्पा, रीसलिंग आहे. पांढरी वाईन. जगात नाव आहे तिचं.”

“नाव असंल. टक्के किती?”

टक्के आठ निघाले. दाजींनी बाटली सन्मानानं परत केली.

बाटली थंड करायची म्हणून फ्रिज उघडला, तर तो आईचा फ्रिज. दारातल्या कप्प्यात ताकाचं भांडं, लिंबाचा रस आणि डोळ्यांत घालायचे थेंब. उभी बाटली बसेल अशी जागा नव्हती. ती भाजीच्या ड्रॉवरमध्ये कोथिंबिरीखाली झोपवली. आक्कानं, म्हणजे दाजींच्या बायकोनं, ड्रॉवर उघडला, बाटली बघितली, आणि आम्ही सगळे श्वास रोखून उभे असताना म्हणाली, “आडवी आहे ना? मग राहू दे.”

आक्काच्या ह्या वाक्याचा अर्थ साताऱ्या-सांगलीच्या बाहेर कदाचित समजावून सांगावा लागेल. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं की नाही यासाठी आपल्याकडं बायकांचं मतदान होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडवीवर शिक्का मारला की दुकानाला कुलूप. आक्कानं आपल्या गावात ह्या आडव्या बाटलीसाठी दारोदार फिरून चपला झिजवल्या आहेत. इकडं वाईनच्या जगातही सभ्य बाटली आडवीच निजते, का तर बूच ओलं राहावं, सुकून फटीतून हवा शिरू नये म्हणून. ह्या बाटलीला बूच नव्हतंच. औषधाच्या बाटलीला असतं तसं फिरकीचं झाकण होतं, त्यामुळं आडवं होण्याची तिला काही गरज नव्हती. पण ही तांत्रिक बाब आक्काच्या कानावर घालायची कुणाची छाती झाली नाही.

थंड होईपर्यंत लेबल वाचायचा कार्यक्रम झाला. जर्मन वाईनचं लेबल म्हणजे एक दस्तऐवजच. गाव, डोंगराच्या उताराचं नाव, द्राक्षाची जात, साल, द्राक्ष किती पिकल्यावर तोडलं त्याचा दर्जा, शिवाय सरकारी तपासणीचा नंबर. सातबारा वाचता येणाऱ्या माणसाला हे जड जाऊ नये. दर्जाच्या पायऱ्या १९७१च्या कायद्यानं पक्क्या केल्या आहेत. खालची काबिनेट, तिच्यावर श्पेटलेझे, मग आउसलेझे, बेरेनआउसलेझे, आणि सगळ्यांच्या डोक्यावर ट्रॉकनबेरेनआउसलेझे. शेवटचं नाव दाजींनी एका दमात म्हणून दाखवायचा प्रयत्न केला आणि निम्म्यात ‘ट्रक’ एवढ्यावर सोडून दिला.

हे चाललं असतानाच मणेराजुरीचे तात्या आले. तात्या माझे चुलते. तासगाव तालुक्यात त्यांची द्राक्षबाग. सांगलीच्या मार्केट यार्डात बेदाण्याचा सौदा होता, तो उरकून जेवायला घरी. गळ्यात तुळशीची माळ, कार्तिकी-आषाढी चुकत नाही, आयुष्यात थेंबाला शिवलेले नाहीत. सौद्यावरून आलेला माणूस बहुधा चिडलेला असतो. तिथं व्यापारी मूठभर बेदाणा उचलणार, बघणार, चावणार आणि उरलेला भिरकावणार. ह्या उधळणीवर शेतकरी वर्षानुवर्षं ओरडताहेत. तात्या त्याच तिरीमिरीत होते. बाटली बघून कपाळाला आठी पडली, पण ‘द्राक्ष’ हा शब्द कानावर गेला आणि चष्मा खिशातून बाहेर आला.

“ब्रिक्स किती?” म्हणजे रसात साखर किती, हा त्यांचा पहिला प्रश्न.

आता जर्मन लोक ब्रिक्स मोजत नाहीत, ते ओक्सले मोजतात. फोर्झहाइम गावच्या फर्डिनांड ओक्सले नावाच्या कारागिराचं ते माप. रस पाण्यापेक्षा किती जड भरतो, त्यावरून साखरेचा अंदाज. भाच्यानं फोनवर हिशेब घातला. मोझेल नदीकाठच्या रीसलिंगला काबिनेट म्हणवून घ्यायला सत्तर ओक्सले पुरतात, म्हणजे साधारण सतरा ब्रिक्स.

“सतरा?” तात्यांनी चष्मा काढला. “सतराला तर आमी एक्स्पोर्टचा माल तोडतो. बेदाण्याला बावीसच्या खाली बागेत कैची न्हाई घालत. ह्यांची द्राक्षं पिकत्यात तरी का?”

प्रश्न रास्त होता. सांगली सतराव्या अक्षांशाच्या आसपास, मोझेल पन्नासाव्या. आपल्याकडं वेलीला थंडीची झोप नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटायची. एप्रिलची खरड छाटणी काडीसाठी, ऑक्टोबरची फळासाठी. तिथं वेल हिवाळाभर लाकूड होऊन पडते आणि उरलेल्या उन्हात जमेल तेवढं पिकते. ऊन पुरावं म्हणून बाग उतारावर लावतात. ब्रेम गावाजवळच्या कालमोंट नावाच्या कड्यावर हा उतार साठ अंशांच्याही पुढं जातो. अजिंक्यताऱ्याची चढण त्यापुढं सपाट मैदान म्हणायची. माल खाली आणायला एका रुळावरची गाडी लावलेली आहे. जमिनीत पाटीचा काळा दगड. तो दिवसा तापतो आणि रात्री वेलीला ऊब देतो. एवढं करून हाती लागतात सतरा ब्रिक्स आणि भरपूर आंबटपणा. हा आंबटपणा हीच त्या वाईनची खरी दौलत, हे तात्यांना पटेना. आंबट माल म्हणजे त्यांच्या लेखी व्यापाऱ्यानं परत पाठवलेला ट्रक.

मग भाच्यानं त्यांना योहानिसबर्गची हकिकत सांगितली. तिथंच त्यानं म्हाताऱ्याला जिंकलं.

ऱ्हाइनकाठी योहानिसबर्ग नावाची गढी आहे. तिथल्या मळ्याचे मालक दूर फुल्डा इथले धर्माधिकारी. त्यांचा लेखी हुकूम आल्याशिवाय एक घड तोडायचा नाही, असा शिरस्ता. १७७५ साली हुकूम आणणारा घोडेस्वार कित्येक दिवस उशिरा पोचला. का, ते ज्याचं त्याला ठाऊक. तोवर मळ्यातली द्राक्षं सुरकुतून, बुरशी येऊन बसली होती. दुसरा इलाज नव्हता म्हणून त्याच नासक्या मालाची वाईन केली, आणि ती इतकी उतरली की उशिरा तोडणी हाच पुढं दर्जा ठरला. श्पेटलेझे ती हीच. गढीच्या अंगणात आज त्या उशीर करणाऱ्या स्वाराचा पुतळा उभा आहे.

तात्यांनी हे सगळं ऐकून घेतलं. गेल्या काही वर्षांत अवकाळीनं त्यांच्या बागेचे काय हाल केलेत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ऐन फळात पाऊस आला की आधी दावण्या, मग भुरी, मणी तडकणार, घडकूज होणार. रात्री-अपरात्री ब्लोअर घेऊन फवारण्या. एवढ्यावरही व्यापारी दिलेला शब्द फिरवून फोन बंद करतो तो वेगळाच.

“म्हंजे,” तात्या सावकाश म्हणाले, “हुकूम उशिरा आनला, माल कुजिवला, आन त्याचा पुतळा?”

“हो.”

“आमच्याकडं असलं कुजवनारं लई हायेत. पुतळं कुटं कुटं उभं करनार?”

तरी त्या बुरशीचा विषय त्यांनी सोडला नाही. तीच बुरशी, बोट्रायटिस, दमट हवेत घड कुजवते. पण सकाळी धुकं आणि दुपारी कोरडं ऊन असा मेळ बसला तर द्राक्षातलं पाणी उडवून साखर आणि आंबटपणा दाट करते. ट्रॉकनबेरेनआउसलेझेसाठी असे वेलीवरच वाळलेले मणी एकेक करून वेचतात. तात्या चटकन म्हणाले, “म्हंजे बेदाना. मनूके.” आणि त्यांचं बरोबर होतं. फक्त आपण तो पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमध्ये जाळीवर वाळवतो, ते वेलीवरच ठेवतात. आपण किलोवर विकतो, ते छोट्या बाटलीवर. त्या छोट्या बाटलीचा भाव भाच्यानं सांगितला, तेव्हा तात्यांनी पिशवीतला सौद्याचा कागद काढून पुन्हा एकदा वाचला आणि घडी घालून ठेवला.

इथं कुणीही विचारेल की मग द्राक्षांचा एवढा मोठा जिल्हा, वाईन का नाही करत? केली की. म्हणजे करायचं ठरवलं. २००१ साली राज्यानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, औद्योगिक महामंडळानं दोन वाईन पार्क आखले. एक नाशिक जिल्ह्यात विंचूरला, दुसरा आमच्या पलूसला, किर्लोस्करवाडीच्या शेजारी. नाशिकनं पुढं वाईनची राजधानी म्हणून मिरवून घेतलं. तिथल्या सुलानं रीसलिंगही काढली. पलूसच्या पाटीकडं बघत बघत आम्ही मात्र बेदाण्याच्या शेडकडं वळलो. एक कारण सरळ आहे. खायचं द्राक्ष बिनबियांचं, पातळ सालीचं, टपोरं लागतं. वाईनचं बारीक, जाड सालीचं, बियांचं. ते कुणी फुकट दिलं तरी खाणार नाही. वाईनवाला फिरला की बागाईतदाराच्या हातात उरतो तो न खाता येणारा माल. दुसरं कारण तात्यांकडं आहे. आमच्याकडची नावाजलेली जात ‘तास-ए-गणेश’, तासगावच्या गणपतीचं नाव घेतलेली. “देवाच्या नावाची द्राक्षं दारूला घालायची म्हंजे इचार करायला पायजे,” असं ते गंभीरपणे म्हणतात. उद्या कुणी जातीला दुसरं नाव दिलं तर त्यांचा विरोध किती टिकेल, मला शंका आहे.

२०२२च्या जानेवारीत मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांत वाईन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं होतं. अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला, साताऱ्यात वारकरी मंडळी रस्त्यावर उतरली, आणि तो निर्णय कपाटातच राहिला. आता आमच्याकडं परिस्थिती अशी की ‘वाईन्स’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या दुकानात वाईन सोडून सगळं मिळतं. मागितलीच, तर दुकानदार मागच्या फळीवरची धूळ झटकत एकच बाटली काढतो आणि विचारतो, “घरात कुणाला सांगितलीय का डॉक्टरनं?” त्याचाही दोष नाही. आपल्या राज्यात पिण्याचा परवाना मिळतो तोच मुळी प्रकृतीच्या कारणासाठी. विदेशीचा एका दिवसाचा पाच रुपये, देशीचा दोन. पाच रुपयांत प्रकृतीची काळजी घेणारी दुसरी योजना माझ्या माहितीत नाही.

असो. जेवणाकडं वळू, कारण भाच्याचा सगळा आग्रह तोच होता. रीसलिंग जेवणाबरोबर घ्यायची असते.

खरी ठिणगी इथं पडली. दाजींच्या जन्मात ‘जेवणाबरोबर’ ही वेळच अस्तित्वात नाही. साताऱ्या-सांगलीची रीत ठरलेली आहे. आधी बैठक, बैठकीला चकणा, म्हणजे शेंगदाणे, फरसाण, उकडलेली अंडी, चिरलेला कांदा. बैठक संपली की ग्लास विसळून पालथे, आणि मग आत हाक, “वाढा.” घरात जेवायला बसताना माणूस काहीच न घेतल्यासारखा दिसला पाहिजे, सगळ्यांना ठाऊक असलं तरी दिसला पाहिजे. आता बायको भाकरी थापतेय, आई समोर बसलीय, आणि ताटाशेजारी ग्लास? दाजींना घाम फुटला. जगातल्या वाईनतज्ज्ञांनी कोणत्या माशाबरोबर कोणती वाईन याचे ग्रंथ लिहिले, पण कोणत्या सासूसमोर कोणती, यावर एक पान नाही.

शेवटी आक्कानंच सोडवलं. “आठ टक्के म्हणतोय ना तो? माझ्या खोकल्याच्या औषधात जास्त असतं. बसा गुमान.” पेले स्टीलचे, कारण काचेचे ग्लास माळ्यावर पाहुण्यांसाठी ठेवलेले आणि आम्ही पाहुणे नव्हतो. स्टीलचा पेला वाईनच्या जगात निषिद्ध आहे, पण पाच मिनिटं फ्रिजरमध्ये ठेवला तर थंडावा छान धरतो.

सिद्धान्त भाच्यानं थोडक्यात सांगितला. तिखटावर दारू जितकी कडक तितकी आग वाढते. ही हलकी, म्हणून चालते. तिच्यात उरलेली थोडी साखर मिरचीला शांत करते. आंबटपणा तोंडाला पाणी आणतो आणि तेल-तूप जिभेवरून उतरवतो. तांबडी वाईन तिखटाशी भांडते, तिच्यातला तुरटपणा मिरचीला चेव आणतो. ऐकताना वाटलं की हे काम आमच्याकडं ताक कधीपासून करतंय आणि त्याला आयात शुल्क नाही. परदेशी वाईनवर आपल्याकडं कैक वर्षं दीडशे टक्के शुल्क होतं, त्या मानानं ताक किफायतशीर आहे.

भडंगानं सुरुवात केली. लसूण, मेतकूट, तळलेले शेंगदाणे, कढीपत्ता, लाल तिखट. कुरकुरीत, खारट आणि एकदा हात घातला की थांबवता येत नाही असा प्रकार. वर एक घोट. आधी हिरव्या सफरचंदासारखी चव, मग लिंबाची चाटून गेलेली धार, आणि लसणाचा उग्रपणा एकदम पुसून गेला. जीभ कोरी. म्हणून परत भडंग. म्हणून परत घोट. दाजी, ज्यांना ती सरबत वाटली होती, त्यांनी पेला न बोलता पुढं केला. माझं मत विचाराल तर जर्मन वाईन उत्पादकांनी सांगलीच्या भडंगवाल्यांशी करार करायला हरकत नाही. नर्सेसच्या कराराइतकाच तो टिकेल.

मग ताट आलं आणि शास्त्राची तारांबळ उडाली. ह्या जुळवाजुळवीच्या शास्त्रात एका वेळी एक पदार्थ गृहीत धरलेला असतो. मासा आला, ही वाईन. चीज आलं, ती वाईन. आमच्या ताटात डावीकडं खर्डा, लोणचं, कोशिंबीर, उजवीकडं भरलं वांगं, आमटी, मध्ये भाकरी, आणि घासात ह्यातलं किमान तिघं एकत्र जातात. वाईननं नक्की कुणाशी जुळवून घ्यायचं? पण ही रीसलिंग बिचारी एकत्र कुटुंबातली निघाली. ज्वारीच्या भाकरीचा गोडवा तिनं उचलून धरला. कृष्णाकाठच्या भरल्या वांग्यातल्या शेंगदाणा-तिळाच्या तेलाला तिनं आवरलं. हिरव्या मिरचीच्या खर्ड्यावर घेतलेल्या घोटानं तर माझ्या कानातून निघणारी वाफ थांबली. पिठल्याशी तिचं विशेष सख्य. लिंबू पिळायची गरज उरली नाही. अख्ख्या मसुराशी, तोच पेठ नाक्याच्या आसपास ढाब्याढाब्यावर मिळतो तो, बरं जमलं पण दोघांनाही फारसं काही बोलायचं नव्हतं.

रात्री मटण होतं. तिथं ती हरली. तांबड्या रश्श्यापुढं आठ टक्क्यांची नाजूक मुलगी काय करणार. रश्श्यानं तिला बघितलंसुद्धा नाही.

आणि कंदी पेढा. हा प्रयोग दाजींच्या हट्टानं झाला, साताऱ्याची बाजू राखायला. नियम असा की वाईन गोडाच्या पदार्थापेक्षा गोड हवी, नाहीतर ती आंबटढाण लागते. खरपूस भाजलेल्या खव्याचा पेढा जिभेवर विरघळला, वर घोट गेला, आणि तोंडात लिंबू पिळलेलं पाणी आलं. पेढ्यापेक्षा गोड वाईन हवी तर ट्रॉकनबेरेनआउसलेझे. तेवढ्या पैशांत पेढ्याचं दुकान टाकता येईल. दाजींनी विजयी मुद्रेनं दुसरा पेढा नुसताच खाल्ला.

जर्मन लोक स्वतः हिच्याबरोबर काय खातात, हे आईनं विचारलं. वसंतात त्यांच्याकडं जमिनीखाली वाढवलेले पांढरे कोंब येतात, २४ जूनपर्यंतच काढतात, आणि त्या दोन-अडीच महिन्यांत सगळा देश लोण्यात घोळून तेच खातो. शतावरीच्याच कुळातले ते. आई चमकली. “शतावरी? बाळंतिणीला देतात ती? पुरुषसुद्धा खातात?” त्यानंतर जर्मन पुरुषांकडं बघायचा तिचा दृष्टिकोन बदलला तो बदललाच.

दुसरी बाटली दुसऱ्या दिवशी उघडली. ही जुनी, ऱ्हाइनगाउची, बिनसाखरेची. भाचा हिच्याबद्दल दबक्या आवाजात बोलत होता. झाकण फिरवलं आणि आईनं आतून हाक मारली, “रॉकेल कोण सांडतंय?”

कुणी सांडलं नव्हतं. आई बाहेर आली, पेल्यावर वाकली, एकदा हुंगलं आणि निकाल दिला, “ह्यात रॉकेल आहे. फसवलं तुला त्या लोकांनी.” अख्खी हयात रेशनच्या रांगेत कॅन घेऊन उभ्या राहिलेल्या बाईच्या नाकाला आव्हान देणं सोपं नव्हतं. आणि गंमत म्हणजे ती शंभर टक्के बरोबर होती. रीसलिंग जुनी होत गेली की तिच्यात टीडीएन नावाचं एक रसायन वाढतं. त्याचा वास तंतोतंत रॉकेल-पेट्रोलचा. जाणकार त्या वासावर डोळे मिटतात. भाचा हे सगळं पोटतिडकीनं समजावत होता. आईनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “आपल्याकडं रेशनवरचं बंद झालं. तिकडं अजून मिळतं म्हणायचं.”

तात्या ह्या सगळ्यात थेंबाला शिवले नाहीत. दोन्ही दिवस त्यांनी फक्त वास घेतला, रंग उजेडात धरून बघितला आणि लेबल बोटानं चाचपलं. भाच्यानं त्यांना सांगितलं होतं की ह्या रीसलिंगचा जगातला पहिला लेखी पुरावा म्हणजे एक बिल आहे. १३ मार्च १४३५, ऱ्युसेल्सहाइम गाव, कात्सेनेलेनबोगन नावाच्या सरदाराच्या जमाखर्चात द्राक्षाच्या काड्यांची खरेदी, बावीस शिलिंग. सगळ्या हकिकतीत तात्यांना मनापासून आवडलं ते हे बिल. पुतळा नाही, गढी नाही. काड्या घेतल्या, पैसे दिले, वहीत लिहिलं.

निघताना चपला घालता घालता त्यांनी भाच्याला बाजूला घेतलं.

“काड्या मिळतील का रं?”

“आजोबा, ते द्राक्ष थंडीचं आहे. मणेराजुरीत उन्हानं भाजून जाईल.”

“पाचगणीला लावा की,” दाजी आतून ओरडले. साताऱ्याचा प्रश्न असला की त्यांना भिंतीपलीकडचं ऐकू येतं. “थंडी पायजे ना? आमच्याकडं हाय.”

“थंडी हाय, आन पाऊस?” तात्या दारातूनच म्हणाले. “चार म्हैनं बाग पान्याखाली. घोडेस्वार कशाला, बोट लागंल तोडनीला.” मग भाच्याकडं वळून आवाज उतरवला. “दंडोबाच्या डोंगराला उतार हाय. दगड बी काळाच हाय. डॉगरीजच्या खुंटावर डोळा भरून बघू, चार झाडं. पिनार न्हाई मी. नुसतं बघायचं, धरतंय का.”

“काड्या विमानातून आणायला परवानगी नसते, आजोबा. क्वारंटाइन असतं.”

“मग अर्ज कर,” तात्यांनी गाडीला किक मारली. “आन बिल घेऊन ये. बावीस शिलिंगाच्या वर देऊ नगंस.”